घाटाखाली केंद्र नाही

माझ्या दुकानात सहसा येतात
बोटीच्या लायसनवाले, डिझेलच्या कोट्यावाले,
सातबारावर मेलेल्या चुलत्याचं नाव अजून कसं, असं विचारणारे.
एप्रिलात आंब्याच्या पेट्यांची लेबलं.
देवगड, जामसंड्याच्या चढावर, सातेरी झेरॉक्स.
आत एक पंखा, बाहेर एक बाकडं.

भिवा तांडेलाची वैजू आली, मागे भिवा.
म्हणाली, काका, एका परीक्षेची माहिती काढायचीय.
परदेशात पुढे शिकायचं तर द्यावी लागते ती.
विषय काय गो?
कालवं.
मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.
कालवांवर पीएचडी, म्हणाली.
पाण्यात तरंगणारं पिल्लू कसं ठरवतं
कुठल्या खडकाला चिकटायचं ते.
मी अठ्ठावीस वर्षं या एका चढाला चिकटलेला माणूस.
काही बोललो नाही.

पान उघडेपर्यंत दोनदा लाइट गेली.
उघडलं, तर पहिल्याच रकान्यात अडलं:
नाव पासपोर्टवर आहे तस्संच लिहा.
पासपोर्टवर खोबरेकर कुठेच नव्हतं,
आडनावाच्या जागी बापाचं नाव.
म्हणजे तिकडे ही कुमारी भिवा होणार.
"होऊंदेत," वैजू म्हणाली,
"बंदरार नायतरी माका भिवाचाच म्हणतत."

मग केंद्रांची यादी.
मी बोट किनाऱ्याला धरून खाली खाली आलो,
अलिबाग नाही, हर्णै नाही, रत्नागिरी नाही,
देवगड तर सोडाच.
घाटाखाली केंद्र नाही.
पुणे सापडलं.
म्हणजे रात्रीची गाडी, फोंडाघाट,
पोटात सगळी वळणं घेऊन पहाटे उतरायचं
आणि त्याच पोटाने भूमिती सोडवायची.
घड्याळ आत नको, बाटली नको, कागद ते देतील तोच.
वैजू वहीत एकेक अट उतरवून घेत होती,
भिवा आभाळाकडे बघत होता, उगाच, सवयीने.

फी डॉलरमध्ये.
इथे मी गप्प झालो, पण भिवा बाकड्यावरून उठला.
डॉलर त्याला माझ्यापेक्षा बरा कळतो,
त्याची कोळंबी तिकडेच जाते.
बोटांवर मोजून म्हणाला, "सा टप. सफेद. मोठी."
आणि जरा वेळाने, कुणालाच नाही असं,
"ह्या म्हयन्यात चारच गावले."

कार्ड कुणाचंच चालेना.
शेवटी सांतान फर्नांडिसचं आणलं,
मुलाने जहाजावर जाताना देऊन ठेवलेलं.
ओटीपी मात्र मुलाच्या फोनवर.
मुलगा कुठे? दर्यात.
कुठल्या? "तां माका म्हायत नाय."
पहिला ओटीपी आला तेव्हा तो झोपेत होता.
दुसरा पाच मिनिटांत विटला.
तिसरा त्याने ओरडून सांगितला, मागे इंजिनाची घरघर,
आणि दुकानातली आम्ही चारही माणसं
ते सहा आकडे पुकारत होतो
लिलावात भाव चढल्यासारखे.

झालं.
दोन प्रिंट काढल्या, एक प्लास्टिकमध्ये घातली.
वीस रुपये. भिवाने दिले, मी घेतले.
नसते घेतले तर तो परत आला नसता.

एक चूक मात्र माझ्याकडून राहिली.
सगळ्यांच्या अर्जात टाकतो तसा
हातासरशी दुकानाचाच ईमेल टाकला.
तिच्या कामाचं असेल ते मी तिला धाडतोच.
पण रोज सकाळी शटर वर केलं
की रेशनकार्डांच्या गर्दीत एक पत्र असतं:
प्रिय कुमारी भिवा,
आपल्या परीक्षेला एकोणतीस दिवस उरले.
आजचा सरावप्रश्न सोबत.

दहावीच्या गणितात दोनदा गेलेला मी,
गिऱ्हाईक येईपर्यंत
लेबलांच्या कोऱ्या पाठीवर आकडेमोड करतो.
काल एक बरोबर आला.
वैजूला अजून सांगितलं नाही.